मेडिकलचं ॲप विकत घेण्याआधी ते तपासायचं कसं?

दुसऱ्या एमबीबीएसला पोहोचेपर्यंत बहुतेकांच्या फोनमध्ये अभ्यासाची पाच-सहा ॲप्स साचलेली असतात. एक सीनियरने सांगितलं म्हणून, एक रूममेटकडे आहे म्हणून, एक 'आज रात्री बारापर्यंतच सवलत' असं स्क्रीनवर झळकलं म्हणून. त्यातल्या एखाद्याचे पैसे घरून मागवलेले असतात. निवडताना पाहिलं काय जातं, तर स्टार किती, प्रश्न किती हजार आणि शिकवणारे सर बोअर करतात की नाही.

कोणतं ॲप चांगलं हे इथे सांगणार नाही. ती यादी सहा महिन्यांत शिळी होते. एका संध्याकाळी सुरू करून पुढच्या आठवड्यात संपेल अशी तपासणीची रीत मात्र सांगतो. तिचा गाभा एवढाच: ज्या प्रकरणात तुम्ही पक्के आहात, त्याच प्रकरणावर ॲप तपासायचं. न वाचलेल्या प्रकरणावर कुठलंही ॲप हुशारच वाटतं.

आधी काम ठरवा

मॅरो, प्रेपलॅडर, डॅम्स ही परीक्षेच्या तयारीची ॲप्स. अँकी हे फ्लॅशकार्डचं साधन. मेडस्केप आणि अपटूडेट संदर्भासाठी, एमडीकॅल्क आकडेमोडीसाठी, कम्प्लीट ॲनाटॉमी थ्रीडी मॉडेलसाठी. या सगळ्यांना एकच मोजपट्टी लावून उपयोग नाही. कॅल्क्युलेटरमध्ये व्हिडिओ नाहीत ही त्याची उणीव नव्हे, आणि फ्लॅशकार्डमध्ये सविस्तर स्पष्टीकरण नाही हीसुद्धा नव्हे.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याचा खरा घोळ वेगळाच असतो. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या थिअरी पेपरात दीर्घोत्तरी आणि लघुत्तरी प्रश्न लिहावे लागतात, मग प्रॅक्टिकल आणि व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा. पदव्युत्तर प्रवेशाच्या नीट-पीजीत मात्र 200 बहुपर्यायी प्रश्न. दोन्हींचा अभ्यासक्रम बराचसा एकच, पण डोक्याला पडणारं काम निराळं. चार पर्यायांतून बरोबर उत्तर ओळखता येणाऱ्या मुलाला 'नेफ्रॉटिक सिंड्रोमचं व्यवस्थापन लिहा' म्हटल्यावर पानभर लिहिता येईलच असं नाही. म्हणून कागदावर एक वाक्य लिहा: 'मला हे ॲप अमुक परीक्षेसाठी, अमुक विषयासाठी, रोज एवढा वेळ वापरायचं आहे.' हे वाक्य पुरं करता येत नसेल तर सध्या काही विकत घेऊ नका.

आणखी एक पाहायचं. 2019 च्या प्रवेशांपासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमात प्रत्येक क्षमतेला सांकेतिक क्रमांक आहे आणि ती कोणत्या पातळीपर्यंत यायला हवी हेही दिलेलं आहे. नुसतं माहीत असणं, कसं करतात ते माहीत असणं, करून दाखवणं आणि स्वतः पार पाडणं अशा त्या चार पातळ्या. ॲपने आपले धडे या क्रमांकांना जोडलेले असतील तर इंटर्नलच्या वेळी शोधाशोध वाचते. 'करून दाखवणं' या पातळीचं काम मात्र कुठलाही व्हिडिओ पुरं करत नाही. ते वॉर्डात किंवा स्किल लॅबमध्येच होतं, आणि जाहिरात याच्या उलट सांगत असेल तर तिथेच एक खूण करून ठेवा.

स्टोअरच्या पानावर दहा मिनिटं

स्टार बघू नका. पाच स्टारवाले बरेचसे पहिल्या दिवशीच्या उत्साहात लिहितात, एक स्टारवाले ओटीपी आला नाही म्हणून चिडलेले असतात. कामाचे अभिप्राय दोन आणि तीन स्टारवाल्यांचे. ही माणसं ॲप वापरून झाल्यावर बोलतात. त्यात 'चूक कळवली, सुधारली नाही' असा सूर वारंवार येतो का ते शोधा.

शेवटचं अपडेट कधीचं आहे ते पाहा, पण त्यावर फार विसंबू नका. ते बहुधा सॉफ्टवेअरचं अपडेट असतं. आतला मजकूर चार वर्षांपूर्वीचा असूनही ॲप मागच्या आठवड्यात अपडेट झालेलं असू शकतं. मजकूर कोणी लिहिला, कोणी तपासला, त्यांची पदवी आणि विषय कोणता, हे ॲपमध्ये कुठे तरी नावानिशी दिलेलं हवं. 'तज्ज्ञ डॉक्टरांच्या टीमने तयार केलेलं' हे वाक्य म्हणजे माहिती नव्हे.

ॲप मोजण्याची तयार पट्टी, आणि तिचं एक दुखणं

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी 2015 मध्ये 'मोबाइल ॲप रेटिंग स्केल' प्रसिद्ध केली. तिला मार्स म्हणतात. त्यात 23 मुद्दे आहेत आणि प्रत्येकाला 1 ते 5 गुण. ॲप मन गुंतवतं का, नीट चालतं का, दिसायला कसं आहे आणि त्यातली माहिती कशी आहे, असे चार मुख्य भाग. शिवाय गुण देणाऱ्याचं वैयक्तिक मत नोंदवायला वेगळा भाग आहे. सामान्य वापरकर्त्यांसाठी 2016 मध्ये तिची 20 मुद्द्यांची सोपी आवृत्ती आली. ही पट्टी आरोग्यविषयक ॲप्ससाठी बनवलेली आहे, तरी अभ्यासाच्या ॲपला लावायला हरकत नाही. निदान काय काय बघायचं हे तरी सुचतं.

दुखणं असं की शेवटी या चार भागांची सरासरी काढली जाते. सरासरीत देखणेपण चुकीच्या माहितीला सांभाळून घेतं. रंग सुंदर, बटणं मऊ आणि मुलांच्या औषधाचा डोस चुकीचा, असं ॲपही बऱ्यापैकी गुण मिळवेल. आपल्या धंद्यात हे परवडत नाही. त्यामुळे माझं मत असं, की माहितीचा अचूकपणा सरासरीत धरूच नये. तो दरवाजा आहे. त्यातून आत आलेल्या ॲपलाच बाकीचे गुण द्यायचे.

पक्क्या प्रकरणाची परीक्षा

आता मुख्य काम. नुकताच ज्याचा सेमिनार दिलात किंवा ज्यावर लाँग केस मांडलीत, असं एक प्रकरण घ्या. समजा मायट्रल स्टेनोसिस, म्हणजे हृदयातली मायट्रल झडप अरुंद होणं. ॲपवरचा त्याचा व्हिडिओ, नोट्स आणि प्रश्न हे तिन्ही बघा. शेजारी तुमचं पाठ्यपुस्तक उघडं ठेवा.

तीन गोष्टी शोधायच्या. उघड चुका किती. काय गाळलंय: भारतात या आजाराचं मुख्य कारण संधिवाताचा ताप, मग त्याच्या पेनिसिलिन प्रतिबंधाबद्दल काही आहे का, की कुठल्या तरी परदेशी नोट्स जशाच्या तशा उचलल्या आहेत? आणि कारण सांगितलंय का: ओपनिंग स्नॅप (झडप उघडतानाचा आवाज) दुसऱ्या हृदयध्वनीच्या जितका जवळ, तितका स्टेनोसिस गंभीर, हे नुसतं पाठ करायला दिलंय की डाव्या कर्णिकेतला दाब वाढल्यामुळे झडप लवकर उघडते हे समजावलंय? व्हायवाला एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेला परीक्षक, नेमकं तेच विचारणार.

तारीख आणि ठिकाण तपासणारे प्रश्न

वैद्यकातली बरीच माहिती दोन प्रकारे चुकते. काळाने जुनी होते, किंवा दुसऱ्या देशासाठी बरोबर असते. खालचे मुद्दे ॲपच्या शोधपट्टीत टाकून पाहा. यांची उत्तरं पक्की आहेत, म्हणून तपासणीला सोयीची.

क्षयरोग. ॲपमध्ये अजून आठवड्यातून तीनदा औषधं आणि 'कॅटेगरी दोन' (आधी उपचार झालेल्या रुग्णांचा जुना गट) असेल तर ते सामान जुनं आहे. 2017 पासून देशभर रोजच्या गोळ्या आहेत आणि 2020 मध्ये कार्यक्रमाचं नावही बदलून राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रम झालं. दुसरी मेख त्याहून छान आहे. औषधांना दाद देणाऱ्या क्षयात पहिले दोन महिने चार औषधं हे सगळीकडे सारखंच. पुढचे चार महिने जागतिक आरोग्य संघटनेच्या औषधयोजनेत आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन, तर आपल्या कार्यक्रमात त्यांच्याबरोबर इथॅम्ब्युटॉलही. ॲप हा फरक स्पष्ट सांगत असेल तर लिहिणाऱ्याने भारतीय विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवलेला आहे.

कुत्रा चावल्यावरची लस. त्वचेत द्यायच्या पद्धतीत भारतात 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी, दर वेळी दोन जागी 0.1 मिलि. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये 0, 3, 7 असं आठवड्याभरात संपणारं वेळापत्रकही मान्य केलं. ॲपने दोनपैकी एकच दिलं असेल आणि ते कुणाचं हे सांगितलं नसेल, तर परीक्षेत गोंधळ ठरलेला.

लसीकरण. 2023 च्या सुरुवातीपासून राष्ट्रीय वेळापत्रकात नवव्या महिन्याला पोलिओच्या अंशतः मात्रेच्या इंजेक्शनचा तिसरा डोस आला. नुसते 6 आणि 14 आठवडे लिहिलेले असतील तर तक्ता जुना. राष्ट्रीय वेळापत्रक आणि बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचं वेळापत्रक यांची सरमिसळ झालीय का, तेही बघा.

न्यायवैद्यक. माझ्या मते कुठल्याही ॲपचं वय ओळखायला सध्या हाच विषय सर्वांत सोपा. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. गंभीर दुखापत आधी कलम 320 मध्ये होती, आता 116 मध्ये. नुसता आकडा बदललेला नाही. पूर्वी तीव्र वेदना किंवा रोजचे व्यवहार न जमणं 20 दिवस असावं लागे, आता 15 दिवस. निष्काळजीपणाने मृत्यूचं 304-अ आता 106 झालं आणि त्यात नोंदणीकृत डॉक्टरसाठी शिक्षेची वेगळी मर्यादा घातली गेली. ॲपने फक्त जुन्या-नव्या कलमांचा तक्ता चिकटवून आतलं स्पष्टीकरण 20 दिवसांचंच ठेवलं असेल, तर अपडेट वरवरचं आहे हे लगेच कळतं. गर्भपात कायद्याचंही तसंच. 2021 च्या दुरुस्तीनंतर 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी 24 आठवड्यांपर्यंत दोघांचं लागतं. अजून '12 आठवडे एक डॉक्टर' दिसलं तर तो मजकूर जुना.

मेडिसिनसाठी दोन झटपट प्रश्न. सीओपीडी या फुप्फुसांच्या आजाराच्या 'गोल्ड' वर्गीकरणात 2023 मध्ये सी आणि डी हे गट मिळून ई झाला, तो आहे का? आणि मूत्रपिंडाच्या गाळणक्षमतेच्या कॅल्क्युलेटरमध्ये वंशाचा रकाना काढून टाकलेलं 2021 चं सूत्र आहे का?

यातलं एखादं चुकलं म्हणून ॲप लगेच काढून टाकायला नको. निम्म्याहून जास्त चुकलं तर मात्र बाकीचं तपासण्यात वेळ घालवू नये. आणि एक सावधगिरी: पाठ्यपुस्तकाची हाताशी असलेली आवृत्तीही मागे असू शकते. शंका आली की मंत्रालयाच्या किंवा कार्यक्रमाच्या मूळ मार्गदर्शक पुस्तिकेत बघा. त्या फुकट मिळतात आणि त्या वाचायची सवय इंटर्नशिपमध्येही उपयोगी पडते.

परदेशी ॲप असेल तर

अमेरिकन ॲपमध्ये पॅरासिटामॉल ॲसिटामिनोफेन म्हणून भेटतं, सालब्युटामॉल अल्ब्युटेरॉल होतं, ॲड्रेनलिन एपिनेफ्रिन होतं. ब्रिटिश ॲपमध्ये रक्तातली साखर मिलिमोलमध्ये. 7 मिलिमोल म्हणजे आपले 126 मिलिग्रॅम, हे रात्रीच्या ड्यूटीवर डोक्यात गुणाकार करत बसायची गोष्ट नाही. एकक बदलायची सोय आहे का ते सेटिंगमध्ये पाहा. अँकीवर सर्वांत गाजलेला तयार कार्डसंच अमेरिकेच्या परवाना परीक्षेसाठी बांधलेला आहे. शरीरक्रियाशास्त्राला तो झकास, पण समुदाय वैद्यकाला जवळपास निरुपयोगी.

त्वचारोगाच्या ॲपमध्ये एकच पाहा: फोटो कोणाच्या त्वचेचे आहेत? गोऱ्या कातडीवर लालभडक दिसणारं पुरळ सावळ्या कातडीवर काळपट किंवा जांभळट दिसतं. सगळे फोटो गोऱ्या रंगाचे असतील तर ओपीडीत त्या अभ्यासाचा फारसा उपयोग होत नाही.

प्रश्नसंचाचा कस

'वीस हजार प्रश्न' या आकड्याने भुलू नका. सलग पंचवीस प्रश्न सोडवा आणि दर वेळी पर्याय हाताने झाकून आधी उत्तर सांगायचा प्रयत्न करा. चांगल्या प्रश्नात पर्याय न बघताही उत्तर सुचतं, कारण मांडणीत रुग्ण असतो, वय असतं, तपासणीतले आकडे असतात. 'खालीलपैकी कोणतं विधान खरं आहे' अशा प्रश्नांचा भरणा असेल तर ते प्रश्न घाईत बनवलेले आहेत.

मग स्पष्टीकरण. बरोबर पर्याय का बरोबर, हे सगळेच सांगतात. उरलेले तीन का चूक, आणि रुग्णाच्या माहितीत काय बदललं असतं तर ते बरोबर ठरले असते, हे सांगणारे थोडे. पैसे द्यायचे ते त्या थोड्यांना. संदर्भ म्हणून पुस्तकाचं नाव, आवृत्ती आणि प्रकरण दिलंय का तेही पाहा. दोन-तीन संदर्भ खरोखर उघडून बघायचे.

सराव परीक्षा खऱ्या परीक्षेसारखी आहे का? नीट-पीजीत बरोबरला 4 गुण, चुकीला उणे 1. 2024 मध्ये पेपर पाच भागांत विभागला गेला: प्रत्येकी 40 प्रश्न, 42 मिनिटं, आणि वेळ संपली की मागे फिरता येत नाही. ॲप अजून साडेतीन तास सलग फिरू देत असेल तर वेळेचा सराव चुकीचा होतो. ग्रँड टेस्टमधला तुमचा क्रमांक म्हणजे त्या दिवशी त्या ॲपवर बसलेल्यांतला क्रमांक. घरी फोन करून सांगण्याएवढा तो पक्का नसतो.

आठवड्यानंतरची चाचणी

हा टप्पा बहुतेकजण गाळतात. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे बरेच पुढे गेले.

व्हिडिओ दुप्पट वेगाने पाहून संपवला की 'सगळं समजलं' वाटतं ते याच पाच मिनिटांतलं वाटणं. ॲपचा फुकट चाचणीकाळ साधारणपणे याच वाटण्यावर विकला जातो. तेव्हा असं करा: पहिल्या दिवशी ॲपवरून एक छोटं नवं प्रकरण शिका आणि त्याच आकाराचं दुसरं नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे पुस्तक आणि वहीतून. वेळ दोन्हींना सारखा. आठ दिवसांनी कोऱ्या कागदावर दोन्ही लिहून काढा. ॲपवालं प्रकरण वहीपेक्षा कमी आठवलं तर ॲप कितीही रंजक असो, तुमच्यासाठी ते महाग आहे.

त्यासोबत हेही पाहा, की ॲप मध्ये मध्ये थांबवून तुम्हाला आठवायला लावतं का, चुकलेला प्रश्न काही दिवसांनी परत समोर आणतं का. अँकीचं सगळं बळ यातच आहे. दिसायला ते सरकारी फॉर्मसारखं आहे, पण उजळणीचं वेळापत्रक ते तुमच्या चुकांवरून ठरवतं. अँड्रॉइडवर त्याची आवृत्ती मोफत आहे, आयफोनवर विकत घ्यावी लागते.

ॲपमध्ये एआय मदतनीस असेल तर वरचे तारीख-ठिकाणाचे प्रश्न त्यालाही विचारा, दोन वेगळ्या शब्दांत. उत्तरं एकमेकांशी जुळतात का पाहा आणि तो जो संदर्भ देतो तो खरंच अस्तित्वात आहे का ते शोधा. छान भाषेत ठाम चूक सांगणं त्याला सहज जमतं. त्याच्या भरवशावर वॉर्डात डोस सांगू नका.

फोन, पैसे, खासगी माहिती

फोन एअरप्लेन मोडवर टाकून ॲप उघडा. जुन्या सरकारी इमारतींमध्ये नेटवर्क नसणं हीच नेहमीची गोष्ट, आणि हॉस्टेलच्या वायफायबद्दल बोलायलाच नको. डाउनलोड केलेलं चालतं का, जागा किती खातं, किती उपकरणांवर लॉगिन चालतं आणि फोन बदलला तर काय होतं, हे आधी विचारून घ्या.

'फक्त 9 मिनिटं उरली' असं उलटं मोजणारं घड्याळ दिसलं तर ॲप बंद करून दुसऱ्या दिवशी उघडा. घड्याळ पुन्हा नऊ मिनिटांपासून सुरू झालं तर समजून जा. खोटी घाई आणि रद्द करायला अवघड वर्गणी या युक्त्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांत अनुचित ठरवलेल्या आहेत. परतावा मिळतो का, कधीपर्यंत, हे लिहिलेल्या पानाचा स्क्रीनशॉट पैसे भरण्याआधी काढा. तंटा झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915.

संपर्कयादी किंवा लोकेशन मागणाऱ्या अभ्यासाच्या ॲपला नकार द्या. स्टोअरवरची डेटा सुरक्षेची माहिती ॲपवाल्याने स्वतःच भरलेली असते, हे लक्षात असू द्या. आणि रुग्णाचा फोटो, एक्स-रे किंवा केसपेपर कुठल्याही ॲपवर टाकू नका. नाव झाकलं तरी नाही. टेलिग्रामवर फिरणाऱ्या चोरीच्या फाइल्सबद्दल एवढंच, की त्या बहुधा जुन्या असतात आणि बाहेरून इन्स्टॉल केलेल्या ॲपसोबत फोनमध्ये काय शिरतं ते कळत नाही.

गुण आणि त्यानंतर

शेवटी दोघं-तिघं मित्र मिळून, एकमेकांचं न बघता गुण द्या. अचूकपणाचा दरवाजा ओलांडलेल्या ॲपला मी 100 पैकी असे गुण वाटेन: आठवड्यानंतर किती आठवलं याला 40, प्रश्न आणि स्पष्टीकरणांना 30, तुमच्या परीक्षेशी जुळणीला 15, फोनवर चालण्याला 10, दिसण्याला 5. हे आकडे माझ्या मताचे आहेत. थर्ड इयरच्या विद्यार्थ्याने परीक्षेशी जुळणीचे गुण वाढवावेत, इंटर्नने फोनवर चालण्याचे. दोघांच्या गुणांत मोठा फरक पडला तर सरासरी काढण्याआधी त्या मुद्द्यावर भांडा. बहुतेक वेळा एकाने काही तरी पाहिलेलं असतं जे दुसऱ्याच्या नजरेतून सुटलं.

वर्षाची वर्गणी भरण्याआधी एक काम राहतं. तपासताना सापडलेली एक खरी चूक ॲपच्या 'चूक कळवा' बटणातून संदर्भासकट पाठवा आणि तारीख लिहून ठेवा. दहा दिवसांत कोणी तरी उत्तर दिलं, मजकूर बदलला किंवा 'तुमचं म्हणणं या कारणाने बरोबर नाही' असं पटेल असं कळवलं, तर महिन्याचा किंवा तीन महिन्यांचा सर्वांत छोटा प्लॅन घ्या. 'अभिप्रायाबद्दल धन्यवाद' एवढाच यांत्रिक मेल आला आणि चूक जागेवरच राहिली, तर पैसे राखून ठेवा आणि यादीतलं दुसरं ॲप तपासायला घ्या.